देवचार भूत नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कोकणातल्या भुतांवरचा लेख वाचला. मुंजा, हडळ यांची माहिती चांगली आहे. खवीस हा शब्द अरबी ‘खबीस’वरून, म्हणजे दुष्ट, नापाक या अर्थाच्या शब्दावरून आला, एवढे त्यात यायला हवे होते. पण याच रांगेत देवचाराला बसवलेले पाहून फार वाईट वाटले.

आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना देवचार म्हटले की गावाची राखण करणारा आठवतो. रात्री काठी घेऊन तो शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असे आमच्याकडे सांगतात. कोणी त्याला राखणदार म्हणते, कोणी जागेवालो. वर्षाकाठी त्याच्या जागेवर नारळ, रोट, कोंबडा, कुठे दारू नि विडीसुद्धा देतात; या देण्यालाच ‘राखण’ म्हणतात. त्याच्यापुढे गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने विनवणी, घालतात आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. भुतावर उतारा टाकतात, त्याला गाऱ्हाणे कोण घालील?

मग तो भूत ठरला कसा? नाशिकला 1909 मध्ये मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन याने शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवल्या होत्या. एन्थोवेन या अधिकाऱ्याने त्यावरून कोकणाचा खंड 1915 मध्ये छापला. त्यात भुतांची जातवार मांडणी आहे आणि देवचार म्हणजे लग्नानंतर मेलेल्या शूद्राचे भूत, असे दिले आहे. तो गावाच्या चारी बाजूंना राहतो, हेही तिथेच आहे. म्हणजे राखणीची खूण त्या नोंदीतही शिल्लक आहे. पुढच्या याद्यांनी मात्र भूत तेवढे उचलले.

गोव्यात तर याहून वाईट झाले. पोर्तुगिजांनी 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली, गावदेवांची पूजा सैतानाची ठरवली. तिथल्या ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत देवचार म्हणजे आजही सैतान. ज्या शब्दाच्या पोटातच देव आहे त्याची ही गत व्हावी, हे मनाला लागते.

आमच्याकडच्या आरवली गावचा देव वेतोबा, त्याला भाविक मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे. देवचाराला बसवायचे तर भुतांच्या रांगेत नव्हे, अशा देवाच्या शेजारी. पुढच्या लेखाआधी लेखकाने इथल्या गुरवांना, गावकारांना भेटावे आणि आपण ती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी