बदाम खा, पण कानही तपासून घ्या

महोदय,

चाळिशीनंतर मेंदू तल्लख कसा ठेवावा, यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. शब्दकोडी, ध्यान, अक्रोड-बदाम, सगळं ठीक आहे. पण त्यात रक्तदाबाला जेमतेम एक ओळ होती आणि कानांचा तर उल्लेखच नव्हता. यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्याला हे खटकणारच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील (डिमेन्शिया) आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी आटोक्यात आणली, तर जगभरातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. यातली बरीच कारणं ऐन मध्यमवयातली आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दोघांचा : वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. कोलेस्टेरॉल आपण हौसेने तपासतो. कान मात्र घरच्यांनी टीव्हीच्या आवाजावरून भांडण काढेपर्यंत कुणी तपासत नाही. अर्धवट ऐकू आलेलं जुळवण्यात मेंदूची ताकद खर्च होते. शिवाय, पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारायची लाज वाटून माणूस चार लोकांत बसायचं टाळतो, आणि एकटेपणाही त्या १४ कारणांत आहेच.

इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात बारा-बारा तासांची पाळी करणारे हजारो आहेत. कानात बोळे घाला म्हटलं तर जॉबर (माग दुरुस्त करणारा) हसतो. माग बिघडला की त्याला आवाजावरूनच कळतं! आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यातल्या यादीत नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. पण मोजक्या कामगारांच्या शेडपर्यंत तो कायदा पोहोचतच नाही.

श्रवणयंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्यांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सर्वांचा मिळून फरक दिसला नव्हता. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जोखमीच्या माणसाने कान तपासून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

आता ताणाबद्दल. सूत दर, वीजबिल, मुलांची फी आणि आईबापांचं आजारपण एकाच वर्षात येतं, तेव्हा ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही आणि पंचेचाळिशीचा गडी घाबरतो, ‘मला विसरभोळेपणा लागला की काय!’ बहुतेक वेळा स्मरणशक्ती गेलेली नसते. झोप मोडलेली असते, लक्ष उडालेलं असतं आणि ताण ओसरला की गाडी रुळावर येते. तरीही आला दिवस तसाच ढकलू नये. बी-१२ आणि थायरॉईड तपासावं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि दोन्हींवर साधे उपचार आहेत. माझ्या मते ताणाचा खरा घात आणखी एका मार्गाने होतो : रक्तदाबाची गोळी बंद होते, तंबाखूच्या पुड्या वाढतात, संध्याकाळी ‘थोडी’ घेतली जाते. उच्च रक्तदाबही त्या १४ कारणांत आहे; पण तो दुखत नाही, म्हणून तोच आधी विसरला जातो.

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जाते. माग, फाउंड्री, प्रेस शॉप असलेल्या भागांत त्याच वेळी श्रवणचाचणीही करावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. आणि आपल्याला एक : जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ही चाचणी होते, कोणत्या वारी आणि किती वाजता, हे प्रतिनिधी पाठवून विचारा आणि पुढच्या पुरवणीत छापा. पाळी बघून जाता येईल.

– एक वाचक (यंत्रमाग कारखान्यातील दिवाणजी), इचलकरंजी