बंड्या, एडिनबरा ठीक आहे पण...

बंड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मागं फाउंड्रीतला एवढा दणका की अर्धं कळलंच नाही, पण जे कळलं त्यावरून तू मे महिन्यात नक्की येतोयस आणि तुझ्या मेव्हण्यानं तुला सांगितलंय की स्कॉटलंड म्हंजे एडिनबरा, किल्ला बघायचा, एक डोंगर चढायचा आणि मग गाडी काढून सरळ हायलँडला जायचं, बाकी शहरांत काय ठेवलंय. मेव्हण्याचा मान ठेव, पण ऐकू नको त्याचं. इथं प्रोजेक्ट लांबत लांबत गेला आणि त्या नादात आम्ही चौघांनी शनिवार-रविवार ही शहरंच पालथी घातलीत, त्यामुळं आता मला थोडा अधिकार आलाय असं समज.

चौघं म्हंजे मी, कोईमतूरचा अण्णा जो पंप सोडून दुसऱ्या विषयावर बोलत नाही, हावड्याचा दादा, आणि आपला नागपूरकर. नागपूरकराला इथली थंडी सहन होत नाही आणि ते तो रोज सकाळी सगळ्यांना सांगतो.

आधी ग्लासगो, कारण राहायला इथंच आहोत. दिसायला एडिनबराएवढं देखणं नाही, मान्य. पण माणसं लई गोड रे. बस थांब्यावर उभा राहिलास तर शेजारची आजी तुला हवामान, तिचा गुडघा आणि तिच्या नातवाची नोकरी असं सगळं सांगून मोकळी होते, त्यातलं निम्मं कळत नाही, पण मान हलवत राहायची. इथं मॉडर्न आर्टच्या गॅलरीबाहेर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी कोन घातलेला असतो. कोणीतरी रात्री चढून घालतं, काढला की परत घालतं, वर्षानुवर्षं हेच चाललंय. २०१३ साली महापालिकेनं चौथरा उंच करायचा घाट घातला, ६५ हजार पौंडांचा खर्च, म्हंजे लोकांना चढता येऊ नये. लोकांनी एवढी बोंब ठोकली की बेत गुंडाळावा लागला. आता कोन कायमचा.

पण खरी गंमत पुढं आहे. हा वेलिंग्टन म्हंजे आपला असईचा वेलस्ली! १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. आणि चौथऱ्यावर खाली ब्राँझमध्ये असईची लढाई कोरलेली आहे, वॉटर्लूच्या बरोबरीनं. आम्ही बाकीचे कोनाचे फोटो काढत होतो आणि नागपूरकर वाकून ती लढाई बघत बसला, मग मान वर करून कोनाकडं बघितलं आणि म्हणाला, "आमच्या भोसल्यांना हरवलं ना यानं, बेस झालं बे, राहू द्या टोपी." त्या दिवशी ७४वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण जवळजवळ कापली गेली होती, तोफांच्या माऱ्यात. हे मी त्याला सांगितलं तर तो अजूनच खुश, त्या खुशीत रात्री सगळ्यांना हॅगिस पकोडा खायला घातला. हो, हॅगिस पकोडा. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे मसाल्यात घालून करतात ते हॅगिस, त्याला बेसनात बुडवून तळायचं. इथल्या देशी हॉटेलात मिळतो आणि खरंच भारी लागतो. अण्णा शाकाहारी, तो बिचारा शेजारी बसून मॅकरोनी पाई (आत मॅकरोनी भरून भाजलेली पिठाची पारी) खात होता आणि आमच्याकडं बघत पण नव्हता.

तुझ्यासाठी ग्लासगोत दोन गोष्टी राखून ठेवल्यात. एक इथली भुयारी रेल्वे, १८९६ ची. नुसतं एक वर्तुळ, १५ स्टेशनं, एक गाडी उजवीकडनं फिरते दुसरी डावीकडनं, चोवीस मिनिटांत परत जिथं होतास तिथं. डबे एवढे ठेंगणे की अण्णाला वाकून चढावं लागतं. सुरुवातीला १९३५ पर्यंत ह्या गाड्यांना इंजिन नव्हतं, जमिनीखालनं सतत फिरणारा दोर होता, त्याला पकडायचं आणि जायचं. दुसरी म्हंजे रिव्हरसाइड म्युझियम. तिथं साउथ आफ्रिकेतनं परत आणलेलं एक अवाढव्य वाफेचं इंजिन उभं आहे, १९४५ मध्ये इथंच बनलेलं, नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचं. ही कंपनी एके काळी युरोपातली सगळ्यात मोठी इंजिनवाली होती, आपल्या रेल्वेला पण इथनं ढिगानं इंजिनं गेलीत, आणि १९६२ ला बंद पडली. डिझेलकडं वळायला उशीर झाला आणि वळले तेव्हा नीट जमलं नाही. त्या इंजिनाच्या चाकापाशी उभं राहिलं की आपण केवढे ते कळतं. आत जायला पैसे लागत नाहीत, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय.

एडिनबराचं थोडक्यात उरकतो, मेव्हण्यानं सांगितलंच असणार. सुंदर आहे, वाद नाही. किल्ल्याचं तिकीट महाग, पण आर्थर्स सीटवर जायला फुकट, २५१ मीटर फक्त, आपल्या पन्हाळ्याच्या निम्म्यानं पण दम लागत नाही, वारा मात्र उडवून लावतो. रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरनं तोफ उडते, १८६१ पासून, बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू केलेली. दादाला कोणी सांगितलं नव्हतं. खाली बागेत सँडविच खात होता, तोफ झाली आणि सँडविच गवतावर. स्टेशनजवळच्या बालमोरल हॉटेलचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढं ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून, फक्त ३१ डिसेंबरच्या रात्री बरोबर करतात. आणि कॅल्टन हिलवर ग्रीक देवळासारखे खांब दिसतील, १८२६ ला स्मारक बांधायला घेतलं, तीन वर्षांत पैसे संपले, बारा खांबांवर काम थांबलं ते थांबलंच. ऑगस्टमध्ये मात्र चुकूनही जाऊ नये, फेस्टिव्हलची गर्दी, रॉयल माइल ह्या जुन्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव ऐकून चक्कर येते.

आता मुद्द्याचं. बंड्या, तू डंडीला यायचंच. इथं कोणी टूरिस्ट म्हणून फारसं जात नाही, आमच्या ऑफिसातल्यांनी पण "डंडी? कशाला?" असं विचारलं. पण तुझ्यासारख्या कास्टिंगवाल्या माणसानं स्कॉटलंडला येऊन डंडी न बघणं म्हंजे पाप आहे.

ग्लासगोवरनं थेट गाडी आहे पण ती घेऊ नको. एडिनबरावरनं जा, म्हंजे दोन पूल लागतात. पहिला फोर्थ नदीच्या मुखावरचा, १८९० चा, तांबडा, ५३ हजार टन पोलाद आणि ६५ लाख रिव्हेट. एवढा दणकट का बांधला ते दुसऱ्या पुलावर कळतं. दुसरा टे नदीवरचा. नदी कसली, समुद्राचं तोंडच ते. गाडी पुलावर आली की डब्याच्या खिडकीतनं खाली बघायचं, पुलाला समांतर पाण्यात दगडी खुंट दिसतात, एकामागं एक ओळीनं, वर काही नाही. ते जुन्या पुलाचे खांब.

जुना पूल १८७८ ला सुरू झाला, जवळजवळ दोन मैल लांब, जगातला सगळ्यात लांब म्हणून कौतुक, राणी व्हिक्टोरिया त्यावरनं गेली, डिझाइन करणाऱ्या थॉमस बाउचला सर केलं. आणि २८ डिसेंबर १८७९ ला, रविवारी, वादळात संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला गाडी पुलावर असताना मधले उंच गर्डर गाडीसकट खाली गेले. एकही माणूस वाचला नाही. ५९ जणांची नावं माहीत आहेत, आकडा पंचाहत्तरच्या आसपास धरतात.

आता हे नीट वाच, तुझ्या धंद्याचं आहे. खांब ओतीव लोखंडाचे, पोकळ, नदीकाठीच वर्मिटला फाउंड्री टाकून तिथंच ओतलेले. चौकशीत काय काय निघालं बघ. कोअर, म्हंजे आत पोकळी ठेवायला साच्यात घालतात तो गाभा, सरकलेले, त्यामुळं एका बाजूला भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. ब्लो होल, म्हंजे ओतताना हवा अडकून राहिलेली भोकं, होते तिथं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी कालवून भरायचे, घासून रंगवून द्यायचे, त्या मसाल्याला नाव पण होतं, बोमाँट एग. म्हंजे आपल्याकडं जो "पुट्टी मारून पास" प्रकार चालतो त्याला दीडशे वर्षांची परंपरा आहे! आणि सगळ्यात वाईट म्हंजे लग. तिरपे टाय, म्हंजे खांब एकमेकांना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बांधायला खांबाला जे कान ठेवले होते त्यांची बोल्टची भोकं ड्रिल न करता ओततानाच ठेवली, त्यामुळं ती निमुळती, बोल्ट पूर्ण टेकायचाच नाही, नुसत्या कडेवर सगळा भार. टेस्ट केल्यावर ते कान अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी लोडला तुटले. वाऱ्याचा दाब बाउचनं हिशेबात धरलाच नव्हता म्हण. पुलाची देखरेख ज्याच्याकडं होती तो माणूस मूळ विटांच्या बांधकामातला. टाय सैल होऊन खडखडतायत हे त्याला ऐकू आलं होतं, त्यानं काय केलं तर फटीत लोखंडाचे तुकडे ठोकले, वर कोणाला कळवलं नाही. आवाज बंद, काम फत्ते. मला तर तो माणूस ओळखीचाच वाटला, प्रत्येक प्लांटमध्ये असतो बघ असा एक, आणि त्याला सगळे कामाचा माणूस म्हणतात.

चौकशीत शेवटी ठपका आला की पूल डिझाइनला वाईट, बांधणीला वाईट आणि देखभालीला वाईट. बाउच दहा महिन्यांत गेला. फोर्थचा पूल आधी त्याच्याकडंच होता, तो काढून घेतला, म्हणून तिथं दुसऱ्यांनी ते ५३ हजार टन घातले. आणि पाण्यात गेलेलं इंजिन? वर काढलं, दुरुस्त केलं, परत रुळावर! रेल्वेवाले त्याला डायव्हर म्हणायचे. आणखी एक, जुन्या पुलाचे जे गर्डर पडले नाहीत त्यातले काही १८८७ च्या नवीन पुलात वापरलेत, म्हंजे आपली गाडी अजून त्यांच्यावरनं जाते. हे अण्णानं मला नेमकं पुलाच्या मध्यावर सांगितलं. नागपूरकर उठून दाराजवळ जाऊन उभा राहिला, तिथं काय जास्त सुरक्षित होतं कुणास ठाऊक.

डंडीत उतरल्यावर आम्ही नदीकाठानं पुलापर्यंत चालत गेलो, तिथं मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. वारा असा की बोलता येत नव्हतं. मग दुपारी व्हर्डंट वर्क्सला, जुनी तागाची गिरणी, आता म्युझियम. डंडी हे तागावर मोठं झालेलं शहर, आणि ताग बंगालचा. कच्चा ताग कडक असतो, तो मऊ करायला तेल लागतं, डंडीत व्हेल मारणारी जहाजं होतीच, व्हेलचं तेल आणि बंगालचा ताग असं जुळलं. गिरण्यांत बायका जास्त, त्या स्वस्त पडायच्या. पोरं मोठी झाली की त्यांना काढून टाकायचे, मग बायको कामावर आणि नवरा घरी, अशा नवऱ्यांना इथं केटल बॉयलर, म्हंजे चहाची किटली उकळत बसणारे, म्हणत. तिथं जुनी यंत्रं चालू करून दाखवतात, लहानशी मशीन चालली तरी कान बंद होतात, अख्खा हॉल चालत असेल तेव्हा बायका हातवाऱ्यांनीच बोलायच्या.

दादा सगळीकडं बडबडत होता आणि इथं गप्प. मग इथलेच मुकादम, इथलीच यंत्रं हुगळीला गेली, तिकडं गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीचा धंदा हळूहळू बसला, असा बोर्ड होता, तो त्यानं दोनदा वाचला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आमच्या घराजवळची मिल अजून चालू आहे, भोंगा होतो रोज. इथं तिकीट काढून बघतात." मी त्याला परळचं सांगितलं, आमच्याकडं गिरणीत आता मॉल आहे म्हणून. त्यावर तो काही बोलला नाही, चहा प्यायला चल म्हणाला.

बाकी अबर्डीन आणि स्टर्लिंग, वेळ उरला तर. अबर्डीन सगळं करड्या ग्रॅनाइटचं, पावसानंतर ऊन पडलं की अख्खा रस्ता चमकतो, ऊन पडलं तर! तिथल्या सीगल पक्ष्यांपासून सावध, अण्णाच्या हातातनं चिप्सचा पुडा उचलून नेला आणि तो तमिळमध्ये जे काही बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. स्टर्लिंगला वॉलेस मॉन्युमेंट हा स्मारकाचा मनोरा, २४६ पायऱ्या गोल गोल, वरनं दिसतं झकास.

तर प्लॅन असा धर: दोन दिवस ग्लासगो, एक रात्र एडिनबरा, तिथनं सकाळच्या गाडीनं डंडी, आणि हायलँड वगैरे मेव्हण्याच्या समाधानासाठी शेवटी. डंडीला मला पण यायचंय परत, दादा पण येतो म्हणालाय. तुझ्या तारखा या आठवड्यात कळव, तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात. जॅकेट पावसाचं आण, छत्री आणू नको, पहिल्याच दिवशी उलटी होते. आणि तीन लिटरच्या कुकरची रिंग घेऊन ये, दोन आण, एक अण्णासाठी. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
पम्या