चि. रूथ हिस

सोलापूर

चि. रूथ हिस अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम.

येत्या ईस्टरला तू कॅथलिक मंडळीत जाणार, हे तुझे पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसतो. वाद घालायचा नाही, असे तुझ्या आईला कबूल केले आहे. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागणार नाही हे फादरांचे म्हणणे बरोबर आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ते मानतात. पण प्रभुभोजनाचे काय? तू आमच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाहीस आणि तुमच्या मिस्सेत, म्हणजे तुमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, आम्ही बाकावर नुसते बसून राहायचे.

तुझे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा भावकीने त्यांना पंगतीतून उठवले होते, आणि ज्या मेजावर कोणी कोणाची जात विचारली नाही ते त्यांना मिशनच्या चर्चमध्ये मिळाले. 1970 मध्ये आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित प्रोटेस्टंट मंडळीत गेली, तेव्हा बिशप आले म्हणून आजोबा कितीतरी दिवस कुरकुरत होते; मेज मात्र तेच राहिले. आजी प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री काळी द्राक्षे शिजवून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि उपासनेनंतर तू इवल्या पेल्यांच्या तळाचा थेंब बोटाने पुसून चाटायचीस.

तारण कृपेने होते यावर लुथरन आणि कॅथलिकांनी 1999 मध्ये एकत्र सह्या केल्या, तेव्हा त्यावर मी भांडत नाही. पण पोपच्या अधिकाराबद्दल, संतांकडे मध्यस्थी मागण्याबद्दल तू नीट विचार केलास का? पवित्र शास्त्र स्वतः वाचायला मी तुला शिकवले ते... असो. प्रवचन नको म्हणताना प्रवचनच झाले, क्षमा कर. लग्नासाठी नव्हे, तर वाचून, विचारून तू हे ठरवलेस, याचा अभिमान आहे. मावशीलाही मी तेच ठणकावून सांगितले. तरी उद्या तुझी मुले सुट्टीत इथे आली, आणि प्रभुभोजनाचे तबक बाकाबाकावरून फिरू लागले, तर त्यांना काय सांगायचे?

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही दोघे पुण्याला येतो. रविवारी पहाटेच्या उपासनेत वचन वाचण्याची माझी पाळी सुहासकडे दिली आहे. रात्रीची मिस्सा किती वाजता ते कळव, आणि आईचे गुडघे पाहता कडेची जागा धरून ठेव. शेंगाचटणी सोबत आणतो.

तुझा,
पप्पा