उधारीच्या वहीवर अडलेली प्रार्थना

कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय भावा,

सप्रेम सलाम. (शाळेत असताना पहिल्यांदा आमच्या घरी आलास, आज्जीनं आमच्या रीतीप्रमाणे तुला "सलाम" केला आणि तू टाच आपटून सॅल्यूट ठोकलास. अजून काढतात घरात.)

मंगळवारी फोनवर वहिनींच्या गाठीचं सांगितलंस आणि ठेवता ठेवता म्हणालास, "तुझ्या देवाला जरा सांग की रं." मी "सांगतो" म्हणून मोकळा झालो. रात्री बसलो, आणि पहिल्याच वाक्याला गाडी बंद पडली. तुला वाटत असेल, हा जन्माचा ख्रिस्ती, ह्याला प्रार्थना येतच असणार. मर्दा, तू जन्माचा कोल्हापूरकर. येते का तुला कुस्ती?

मला प्रार्थना येत नाही हे मला कळलं तीन वर्षांपूर्वी, तेही चारचौघांत. एका घरी प्रार्थनासभा होती. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "आता आपले बंधू प्रार्थना करतील," आणि बोट माझ्याकडं. मी डोळे मिटून सुरू केलं, "हे सर्वसमर्थ, परमकृपाळू, सर्वज्ञ, सनातन पित्या..." विशेषणं संपली. पुढं काही येईना. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं मोठ्यानं "आमेन" म्हणून मला सोडवलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडं गेलो. शब्बाथशाळेत शिकवलेलं सगळं पाठ होतं: आधी स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती, मग विनंती. ते म्हणाले, क्रम चांगलाच आहे, पण बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. एक शिष्य येशूला म्हणतो, "प्रभो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा." ही यहुदी माणसं, लहानपणापासून प्रार्थना तोंडपाठ असलेली. तरी येशूला प्रार्थना करताना बघितलं आणि ह्यांना आपलं काहीतरी कमी वाटलं. आणि त्यानं शिकवलं काय, तर अर्ध्या मिनिटात म्हणून होईल एवढं. पाळकसाहेब म्हणाले, तेच घे. दिवसाला एक ओळ. घाई करू नको.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." इतकी वर्षं म्हणत आलो, पण 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे हे कधी टोचलंच नव्हतं. खोलीत जा, दार लाव, असं सांगणाऱ्यानंच शब्द मात्र अनेकवचनी दिलेत. म्हणजे मी दार लावून एकटा बसलो तरी तुम्ही सगळे आधीच आत. देवाला 'तू' म्हणायचं हे तर तुलाही नवं नाही, आपण विठोबालाही अरेतुरेच करतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे, आणि भजनांत त्यांनी ख्रिस्ताला माउली करून टाकलं. ती भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो. आणि त्या दिवशी मी मात्र कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिल्यासारखा!

भाकरीची ओळ आज्जीची. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." ती हे चुलीपुढं म्हणायची, परातीत भाकरी थापता थापता, आणि डोळे उघडे ठेवून. मिटले तर तव्यावरची करपेल ना! लहानपणी मला वाटायचं, भाकरी मोडू नये म्हणूनच ही देवाला सांगतेय.

मग आली ती ओळ, आणि तिथं मी अडकलो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." हीच प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे, आणि तिथं शब्द सरळ ऋणाचाच आहे. मी उद्यमनगरात लेथ चालवणारा माणूस, ड्रॉवरमध्ये लाल कापडी पुठ्ठ्याची वही. त्यात एका कारखानदाराच्या नावावर १८,४०० रुपये, दोन वर्षांचे. बुश नेले, पैशाचं नाव नाही. फोन उचलत नाही. एकदा रंकाळ्यावर भेळ खाताना दिसला, मला बघितलं आणि कागद हातात तसाच धरून पाठ फिरवली.

दोन महिने मी ती ओळ ओठातल्या ओठात पुटपुटून पुढं सरकत होतो. मग पाळकसाहेबांना विचारलं, इथं ऋण म्हणजे पाप, पैसे नव्हेत, असं धरलं तर चालेल का? ते हसले. म्हणाले, "लूकमध्ये पापंच म्हटलंय. तुला कुठलं सोडायला सोपं जातंय, सांग." आणि वर दाखवलं की मत्तयात प्रार्थना सांगून झाल्यावर येशू परत वळतो तो ह्याच एका गोष्टीकडं. बाकीच्या ओळींवर अवाक्षर नाही.

वही फाडलीस का, विचारशील. नाही फाडली. पैसे मागणार, त्यात कामावरच्या पोरांचा घाम आहे. पण रोज झोपताना त्याचं वाटोळं कसं होईल ते मनात रंगवत पडायचो, ते बंद करायला लागलोय. त्याच्यासाठी प्रार्थना करतो. दातओठ खात करतो, पण करतो.

ह्यातनं एक कळलं, की तिथं गोड बोलावं लागत नाही. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांत केवढी तक्रार भरलीय! तेराव्याची तर सुरुवातच, देवा कुठवर, मला कायमचा विसरलास काय, अशी. आमची काही मंडळी प्रार्थनेत इस्त्रीचे कपडे घालून बसतात. मला ते आता जमत नाही.

तर मंगळवारचं. वहिनींचं नाव घेतलं आणि पुढं सुचेना. गाठीचा तुकडा तर तपासायला गेलाय. जे असेल ते त्यात आहेच, मग मागायचं काय? मग गेथशेमाने आठवलं, येशूनं धरलं जाण्याआधी रात्री प्रार्थना केली ती जागा. येशूनं तिथं आधी सरळ मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळू दे. 'माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे' हे त्याच्यानंतर. लोक पहिलं गिळतात आणि दुसऱ्यावर उडी मारतात, ते मला पटत नाही. म्हणून मी पण सरळच मागितलं: गाठ साधी निघू दे, वहिनींना भीती वाटू देऊ नको, माझ्या दोस्ताला झोप लागू दे. एवढंच. दुसरं वाक्य बराच वेळ तोंडाशी होतं. आलं नाही. रोज बसतोय, अजून तरी पहिल्यावरच आहे.

गुरुवारी रिपोर्ट हातात पडला की लगेच फोन कर. लेथ बंद करून उचलतो. वहिनींना सांग, हिनं गुळाची ढेप बाजूला काढून ठेवलीय, तिकडं येणारं कोणी भेटलं की पाठवतो.

तुझाच