थिएटरचा बेत आणि खड्ड्यातलं मीठ

भुसावळ,
१८ मे

प्रिय विज्या,

तू परवा फोनवर विचारलंस, "झाला का तुझा थिएटरवाला कॉम्प्युटर?" म्हणजे घरी मोठ्या आवाजात सिनेमे बघायचा तो. नाही झाला, भो. कागदावर तीनदा झाला आणि तीनदा खोडला. फोनवर तू मध्येच चेष्टा करतोस, म्हणून लिहूनच कळवतो.

पहिला बेत बिनपंख्याच्या मशीनचा होता. सिनेमात सगळं शांत झालेलं असताना शेजारी घरघर नको, एवढाच हट्ट. पण तुमच्या पुण्यातली हवा वेगळी. इथे मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, दुपारी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. त्या हवेत नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्यांवर प्रोसेसर कसला थंड राहतो! मग १४० मिलिमीटरचा एकच मोठा पंखा ठरवला. तो सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो आणि ऐकूही येत नाही. आत फक्त एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, बिनआवाजाची डिस्क. सिनेमांच्या हार्ड डिस्का मागच्या खोलीत, लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर. हे सगळं मोठ्या ऐटीत सांगत होतो, तर बायको म्हणाली, "आणि हा कूलर?" गप्प बसलो. आता ठरलंय, तासभर आधी कूलर लावून खोली गार करायची आणि सिनेमा सुरू झाला की तो बंद.

पाच स्पीकरांचा नाद सोडला. ते हवे असते तर एचडीएमआयची वायर आणि आवाज पाचही स्पीकरांना वाटून देणारा रिसीव्हर लागला असता, कारण ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी हा अनेक स्पीकरांचा आवाज ऑप्टिकल (प्रकाशाच्या) वायरीतून जात नाही. मला दोनच, पण चांगले स्पीकर हवेत. मदरबोर्डवरच्या साउंडला आतल्या विजेची खरखर लागते, म्हणून यूएसबीवर बाहेरचा डॅक, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच पुरे. वाचलेले सगळे पैसे स्पीकरला.

आता खरी गंमत ऐक. तालमीपुरता जुना डेस्कटॉप, नवा डॅक आणि मामांचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तर गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून भुंऽऽऽ. वायरी बदलल्या, डॅक बदलून द्या म्हणून दुकानदाराशी भांडलो. डेस्कटॉप काढून लॅपटॉप बॅटरीवर लावला, तर आवाज साफ! पुन्हा डेस्कटॉप जोडताना कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागलं आणि मुंग्या आल्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, अर्थिंगच नीट नाही! वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट पाहिलं, मागे अंगणात गेला आणि विचारलं, "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं, भो?" कधीच नाही! काळी माती भेगाळून पाइपापासून सुटली होती. मीठ-कोळसा भरून चार बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी मुंग्या गेल्या, भुणभुणही गेली. दुकानदाराकडे जाऊन माफी मागायची अजून राहिलीय.

एवढ्यावरही खोली बोलतेच. खाली फरशी, भिंती उघड्या; टाळी वाजवली की झण्ण करून परत येते. आईच्या दोन जाड गोधड्या बाजूच्या भिंतींवर टांगल्या, तर झणझणाट बराच बसला. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "वाळत घातल्यात हो."

इन्व्हर्टर अजून राहिलाय. आमचा जुना स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा आहे, लाइट गेली की पंखेसुद्धा गुणगुणतात. घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणारा साइन वेव्हचा घेईन, पण पुढच्या पगारावर.

सुट्टीत येशीलच. येताना डॅकपासून अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची आरसीएची चांगली वायर आण, दीड मीटरची. जास्त लांब नको.

तुझा,
सुध्या