सीसीपायी लायनर पातळ करू नका

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गाड्यांच्या मॉडिफिकेशनवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. टर्बो, एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं आलं. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, त्या लायनरबद्दल एक ओळ नाही. जालन्यात सव्वीस वर्षं बोरिंग-होनिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून आणि घासून मापात आणण्याचं, काम करतो, म्हणून राहवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात परभणीकडच्या एका तरुणाने मारुती जिप्सी आणली. रॅलीसाठी दुसरीकडून इंजिन बोर करून घेतलेलं. निळा धूर, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलेलं. हेड उतरवलं तर लायनरला वरून चार बोटं खाली केसासारखी चीर. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनिअमचा, लायनर बिडाचे. मूळ बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 74 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75.5. बोर 1 मिलिमीटरने वाढवला की 1298 सीसीचे 1334 होतात. एवढ्या 36 सीसीसाठी लायनर चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर पातळ केला!

मी त्याला मूळ मापावरच यायला लावलं. जुने लायनर मशीनवर कापून काढले, डक्टाइल आयर्नचे (लवचीक बिडाचे), वर कडा असलेले कॉलरवाले बसवले. साधं बीड जास्त दाबाला ठिसूळ पडतं, डक्टाइल ताण सोसतं. कॉलरमुळे लायनर खाली सरकत नाही. बाहेरचं माप भोकापेक्षा आठ शतांश मिलिमीटर मोठं ठेवलं, कारण अ‍ॅल्युमिनिअम बिडाच्या दुप्पट फुगतं आणि इंजिन तापलं की पकड सैल पडते. ब्लॉक भट्टीत दीडशे अंशांवर, लायनर रात्रभर डीप फ्रीजरमध्ये. असं केलं की लायनर हाताने अलगद उतरतो. हातोडा घ्यावा लागला तर माप चुकलंय. मग डेकचं, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या पृष्ठाचं, फेसिंग करून ते सपाट केलं, आणि होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने कसायची जाड प्लेट) आवळूनच. हेडचे बोल्ट कसले की गोल बोर किंचित वाकडा होतो, हे आपल्याकडे फार थोडे लोक धरतात.

बिडाच्या लायनरऐवजी सिलिंडरच्या भिंतीवर देतात तो निकासिलचा, म्हणजे निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा, लेपही चांगला. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांत पेट्रोलमधल्या गंधकाने तो झिजला, पण एप्रिल 2020 पासून आपल्याकडच्या इंधनात गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत आलंय. फक्त तो लेप बोर करून वाढवता येत नाही, हे आधी माहीत हवं.

आणि मराठवाड्यातल्या पोरांना हात जोडून सांगणं: रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतू नका. ट्रॅक्टरच्या वेट लायनरच्या, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं त्याच्या, पाठीवरून मी क्षाराचे पापुद्रे छिन्नीने काढतो. त्या थराखाली लायनर तापतो, नवा असो की जुना. कूलंटच घाला.

काम झाल्यावर चारही सिलिंडरची मापं, वर-मध्ये-खाली, आडवी-उभी, कागदावर मागून घ्या. जिप्सीवाल्याला मी तो कागद दिलाय. पुढचा मेकॅनिक कुणीही असो, त्याला अंदाजाने काम करावं लागणार नाही.

आपला,
एक बोरिंग कारागीर,
जुना मोंढा, जालना