२६ ग्रॅम हवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तरावाचून पडून आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आजचे पत्र मात्र त्या खंतीपोटी लिहीत नाही. परवा आपल्या नेमबाजीच्या सरांच्या जुन्या बाटलीचा, म्हणजे एअर रायफलला दाबलेली हवा पुरवणाऱ्या बाटलीचा, व्हॉल्व्ह उघडताना एक प्रसंग घडला. तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला तो सांगितला, तर त्यात विशेष काय घडले हेच त्याला कळणार नाही. घरी मी अजून एक शब्दही बोललेलो नाही. प्रकृती बरी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

सरांची ती २०० बारची (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), २०० मिलिलिटरची बाटली मी अजूनही शिकणाऱ्या मुलांना वापरायला देत होतो. त्यांतली धाकटी मुलगी साठ छऱ्यांची मालिका मारायला बसली की शेवटचे दहा-बारा छरे खाली उतरू लागत. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा तेवढी उतरणही गुण खाऊन जाते. मी तिच्या श्वासाला दोष दिला, खांद्याला दिला, एकदा तर मन लागत नाही म्हणून रागावलोही. वास्तविक बाटली तीन दिवसांपूर्वी भरलेली होती आणि मालिका संपेपर्यंत तिच्यातला दाब, प्रत्येक छऱ्याला सारखा दाब देणाऱ्या रेग्युलेटरला लागणाऱ्या दाबाच्याही खाली जात होता. त्या मुलीची मी नंतर क्षमा मागितली.

पहिल्या दिवशी रायफलवरच्या दाबाच्या गेजने २०० दाखवले आणि तासाभराने १८७. तेवढ्याने मी घाबरलो नाही, कारण हे तूच शिकवले होतेस. भरताना हवा तापते, आणि चाळीस अंशांवर २०० दाखवणारी बाटली वीस अंशांवर आली की गळती नसतानाही १८७ वर येते. परंतु रात्रभर रायफलवरून काढून ठेवलेली बाटली दुसऱ्या सकाळी परत लावून पाहिली, तर आणखी वीस बार उतरले होते आणि त्या उतरण्याला थंडपणाचे कारण उरले नव्हते. बाटली रायफलवरून काढून बादलीत बुडवली. मानेभोवती काही नाही, तोंडातून मात्र सेकंदाला एक बुडबुडा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. हिशेब मांडला: वीस बार गुणिले २०० मिलिलिटर म्हणजे रात्रीच्या दहा तासांत चार लिटर मोकळी हवा, सेकंदाला मिलिलिटरचा नववा हिस्सा, आणि तो नेमका सहा मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा होतो. म्हणजे रायफलकडची सील निर्दोष, मानेची ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) निर्दोष, दोष फक्त व्हॉल्व्हच्या आतली पिन ज्यावर टेकून हवा बंद करते त्या बैठकीत. इतके स्वच्छ निदान झाल्याचा मला फार आनंद झाला, आणि त्याच आनंदात मी घाई केली.

त्या बाटलीला स्वतःचे गेज नाही. ती रिकामी करण्यासाठी मी गेज आणि हवा सोडायचा स्क्रू असलेला जुना अडॅप्टर तिच्या तोंडावर लावला. हवा फिस्स करत निघाली, काही वेळाने आवाज थांबला आणि काटा शून्यावर आला. मी बाटली लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये बसवली आणि व्हॉल्व्हला पाना लावला. पहिला जोर लागणे साहजिकच होते, पण सुटल्यानंतर जो व्हॉल्व्ह बोटांनी फिरायला हवा, तो पाव फेऱ्यानंतरही तितकाच जड होता. आटे अडकले असतील म्हणून तेल द्यायचा विचार मनात आला. (तेल, दाबाच्या हवेपाशी! सर असते तर मला हाताला धरून बाहेर काढले असते.) तेलाचा डबा घ्यायला वळलो, तर सरांच्या पेटीचे झाकण उघडे होते आणि त्याच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात, पेन्सिलीने, बाटलीचे रिकामे वजन लिहिलेले होते.

तुला आम्ही किती चिडवायचो ते आठवते ना? प्रत्येक बाटली उघडण्याआधी तू ती तराजूवर ठेवायचास, म्हणून तुझे नाव सोनार पडले होते. मी पाना खाली ठेवला आणि बाटली तोलली. तुझ्या आकड्यापेक्षा २६ ग्रॅम जास्त भरली. सव्वादोन तोळे हवा, सोनारबुवा! लिटरभर हवा सुमारे १.२ ग्रॅमची धरली, तर त्या बाटलीत अजून ११० बारच्या आसपास दाब होता.

कारण नंतर कळले. बाटलीची पिन ढकलून उघडणारी अडॅप्टरमधली टोचणी झिजून केसभर आखूड झाली होती. ती बाटलीच्या पिनेला जेमतेम टेकत होती आणि थोडी हलताच पिन पुन्हा बंद झाली. काटा दाखवत होता ते अडॅप्टरच्या रिकाम्या पोकळीतले शून्य; बाटलीतली हवा बंद दाराच्या पलीकडे होती. व्हॉल्व्हच्या अठरा मिलिमीटर व्यासावर ११० बार म्हणजे सुमारे २८५ किलो वजनाचा रेटा होतो, आणि तो झेलणारे आटे मी एकेक करून कमी करत होतो, तेही तोंड बरोबर व्हॉल्व्हसमोर धरून. पाव फेरा फिरला होता म्हणून आटे पुरेसे शिल्लक होते. मी अंगणात जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग दुसऱ्या, लांब टोचणीच्या अडॅप्टरने, तोंड भिंतीकडे करून हवा सोडली. ती दीड मिनिट निघत होती. ते दीड मिनिट मी विसरणार नाही.

आता त्या जुन्या भांडणाबद्दल. ‘काटा शून्यावर असणे वेगळे आणि बाटली रिकामी असणे वेगळे,’ असे तू म्हणाला होतास, आणि सगळ्या मुलांदेखत मी म्हणालो होतो की ज्याला इतकी भीती वाटते त्याने रायफलीला हात लावू नये. तू दोन महिने रेंजवर आला नाहीस. पुढे आपण बोलू लागलो, पण मी ते शब्द कधी मागे घेतले नाहीत आणि तूही मागितले नाहीस. मी चुकलो होतो, पूर्णपणे चुकलो होतो, आणि ही गोष्ट मी आता त्या मुलांना पत्राने कळवणार आहे. जी सापडतील त्यांना तरी. ओ-रिंगबद्दलही तूच बरोबर होतास. हवा अडवते ती रिंग, पान्याचा जोर नव्हे, आणि हाताने आवळले की पुरते. मी करकचून आवळून किती रिंगा चिरडल्या असतील, ते सर जाणोत.

व्हॉल्व्ह उघडल्यावर काय दिसले ते सांगतो. बैठकीच्या प्लॅस्टिकवर एक कण रुतला होता आणि त्याच्याभोवती बारीक चर पडली होती. नवी बैठक घातली, नव्वद शोर कडकपणाची रिंग बसवली, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवला, स्प्रिंग पुसून परत ठेवली. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. पण तो रुतलेला कण पांढरा होता, आणि विजेरीने आत पाहिले तर बाटलीच्या बुडाशी तशीच पांढरी भुकटी जमलेली होती. अॅल्युमिनिअम खाल्ले गेले आहे. वर्षानुवर्षे आपण दमट दिवसांतही हातपंपाने हवा भरली. दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन आत उतरते, आणि पंपाचा गाळणकापूस बदलायचे काम माझ्याकडे होते.

तेव्हापासून माझ्या मनाला हाच घोर लागला आहे. व्हॉल्व्ह आता थेंबभर हवा सोडणार नाही, परंतु ज्या भिंतीत तो बसवला आहे, तिचा मला विश्वास नाही. बाटलीवर कोरलेली वैधतेची तारीखही उलटून गेली आहे, त्यामुळे स्पर्धेच्या साहित्यतपासणीत ती तशीही बसणार नाही. सरावापुरती कमी दाबाने चालवावी, असे एकजण सुचवतो. मुलीच्या गालाशेजारी ती बाटली असते, म्हणून मी नाही म्हणालो. सरांची वस्तू मोडीत काढताना हात धजत नाही, हेही खरे. पण नुसती कपाटात ठेवली तर उद्या कोणीतरी ती भरेल, म्हणून मानेचे आटे कानशीने घासून टाकणार आहे. तुझ्या अक्षराचे ते झाकण मात्र मी ठेवून घेतो.

आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली का? लेकीच्या परीक्षेचे कळव. नव्या नोकरीबद्दल तू चारच ओळी लिहिल्यास, त्यावरून ती तुला रुचलेली दिसत नाही, सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

सरांची दुसरी बाटलीही रात्रीत चार-पाच बार उतरते आहे. तिचे रिकामे वजन झाकणावर नाही. मी ती अजून उघडलेली नाही आणि एकटा उघडणारही नाही. सुट्टीत येशील तेव्हा तराजू घेऊन ये.

तुझाच,
जुना जोडीदार